स्पिती पहिल्यांदाच: शिमल्याकडून चढा, मनालीकडे उतरा

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात जायला दोन रस्ते आहेत. मनालीहून निघालात तर पहिल्याच दिवशी २,०५० मीटरवरून ४,५५१ मीटरच्या कुंझुम खिंडीत पोचता आणि रात्री काझाला, साधारण ३,७०० मीटरवर, अंथरुणाला पाठ टेकता. शिमल्याकडून निघालात तर तीच उंची गाठायला पाच-सहा दिवस लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने शिमल्याचाच रस्ता धरावा. मनालीहून थेट आलेली माणसं काझाच्या हॉटेलात डोकं गच्च धरून, उलट्या करत रात्र काढतात, हे तिथलं नेहमीचं चित्र आहे. त्यात धडधाकट, रोज व्यायाम करणारे तरुणही असतात. त्यांच्या शरीराला वेळ मिळालेला नसतो, एवढंच.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वर गेल्यावरही २१ टक्केच राहतं, पण हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे ३,५०० मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ६५ टक्केच ऑक्सिजन मिळतो आणि ४,५०० मीटरवर ५८ टक्क्यांच्या आसपास. शरीर याची भरपाई करतं. श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडं रक्ताचं रसायन बदलतात, लघवी वाढते. या सगळ्याला काही दिवस लागतात आणि गोळी घेऊन ते दिवस शून्यावर आणता येत नाहीत.

म्हणून सगळा बेत एका प्रश्नाभोवती आखायचा: आज रात्री झोपणार किती उंचीवर? ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी, हा जगभरचा नियम आहे. दिवसा त्याहून वर जाऊन आलात तर चालतं, उलट ते चांगलंच. झोपायला खाली यायचं.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे या प्रवासातल्या कल्पाच्या मुक्कामापेक्षाही १,३०० मीटर खाली. सह्याद्रीत कमावलेले पाय आणि दम स्पितीत उपयोगी पडतात, पण तिथली झपाझप चढायची सवय घात करते. उंचीच्या त्रासाचा आणि तंदुरुस्तीचा थेट संबंध नाही. जो पुढे पळतो तो आधी आडवा होतो.

कधी जायचं

पहिल्या खेपेला १ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हा काळ उत्तम. स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथं पाऊस फार नसतो. पण तिथं पोचण्याचा रस्ता किन्नौरमधून जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी कोसळतात. २०२१ च्या जुलैमध्ये बटसेरीला आणि ऑगस्टमध्ये निगुलसरीला झालेल्या दुर्घटनांमध्ये प्रवासी वाहनं दरडीखाली सापडली होती. जूनच्या मध्यापासून कुंझुम सहसा खुला होतो, पण तेव्हा बर्फ वितळत असतं आणि नाल्यांना दुपारी जोर असतो. सप्टेंबरात नाले ओसरतात, आकाश स्वच्छ होतं, शेतांमध्ये वाटाणा आणि जवाची काढणी चाललेली असते. सप्टेंबर संपता संपता चंद्रताल तळ्याजवळ रात्री पारा शून्याखाली जातो, त्या हिशेबाने कपडे घ्यावेत.

चौदा दिवसांचा बेत

चंदीगडपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने या. दिवस तिथून मोजू.

पहिला दिवस चंदीगड ते नारकंडा, मुक्काम २,७०० मीटर. शिमल्यात थांबायचा मोह होतो, पण शिमला ओलांडून साठ-पासष्ट किलोमीटर पुढे गेलं की दुसरा दिवस हलका होतो. दुसऱ्या दिवशी रस्ता रामपूरला सतलजच्या काठी थेट १,००० मीटरपर्यंत उतरतो आणि मग नदीच्या काठाने पुन्हा चढत कल्पाला नेतो. कल्पा २,९६० मीटर. समोर किन्नर कैलास, ६,०५० मीटर. इथं दोन रात्री काढायच्या. तिसऱ्या दिवशी सफरचंदाच्या बागांमधून रोघी गावापर्यंत चालत जाऊन या. वाट जवळजवळ सपाट आहे, आणि आपला श्वास कसा चालतो ते कळायला तेवढं पुरतं.

चौथ्या दिवशी बहुतेक जण नाकोला मुक्काम करतात आणि तिथंच पहिली चूक होते. नाको ३,६६० मीटर आहे, कल्पाहून एकदम ७०० मीटरची उडी. त्याऐवजी नाकोला तळ्याकाठी अर्धा-पाऊण तास थांबा, चहा घ्या आणि पुढे ताबोला उतरून झोपा. ताबो ३,२८० मीटर. कल्पा ते ताबो १६५ किलोमीटरच्या आसपास, सहा-सात तास. वाटेत खाबला सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम लागतो. तिथून रस्ता सतलज सोडून स्पितीच्या काठाला लागतो, आणि हिरवा हिमालय मागे पडतो.

पाचवा दिवस ताबोतच. इथला मठ ९९६ सालचा, मातीच्या भिंतींचा. आत काळोख असतो आणि छायाचित्रं काढायला बंदी. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहावं, मग भिंतीवरचे रंग दिसू लागतात. संध्याकाळी गावामागच्या ध्यानगुहांपर्यंत हळूहळू चढून यावं.

सहाव्या दिवशी काझाकडे जाताना धनकरला वळा. गाव ३,८९० मीटरवर आहे आणि तिथून धनकर तळ्यापर्यंत तास-दीड तासाची खडी वाट जाते. ही तुमची पहिली खरी परीक्षा. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग निम्म्यावर आणा. रात्री काझाला झोपायला खाली या.

सातव्या दिवशी ‘की’ नावाचा मठ, किब्बर गाव आणि चिचमचा पूल गाडीने. आठव्या दिवशी लांगझापर्यंत गाडी, तिथून हिक्किममार्गे कोमिकपर्यंत चालणं आणि गाडीने काझाला परत. कोमिक ४,५८७ मीटरवर आहे, म्हणजे या प्रवासात पायी गाठायचं सर्वांत उंच गाव. हिक्किमच्या टपाल कचेरीतून घरी पत्र पाठवायचं असेल तर कार्ड काझातूनच लिहून न्या. वर वाऱ्यात बोटं गारठतात.

नऊ, दहा आणि अकरा हे तीन दिवस ट्रेकचे. बाराव्या दिवशी काझाहून कुंझुम ओलांडून चंद्रताल, तेराव्या दिवशी मनाली. चौदावा दिवस राखीव, आणि तो काझातच खर्च करायची तयारी ठेवा. रस्ता बंद झाला किंवा कुणाचं डोकं दुखायला लागलं तर तो तिथंच लागतो.

रजा दहाच दिवसांची असेल तर ट्रेक गाळा, चंद्रताल गाळा. कल्पाची आणि ताबोची जास्तीची रात्र गाळू नका.

डोकं दुखतंय, आता काय?

हा भाग गटातल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी वाचावा, कारण त्रास झालेल्या माणसाला स्वतःचं भान नसतं. निर्णय शेजारच्याने घ्यायचा असतो.

उंचीच्या त्रासाची सुरुवात डोकेदुखीने होते. तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळून जाणं, चक्कर. नव्या उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत हे सुरू होतं, म्हणजे बहुधा रात्री. पाणी प्या, पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या, डोकं टोपीने झाका, पडून राहा. सकाळी बरं वाटलं तर पुढे. बरं वाटलं नाही तर त्याच उंचीवर आणखी एक दिवस. लक्षणं असताना वर जायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. त्रास वाढत असेल तर खाली.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली फुफ्फुसात पाणी होणं: बसल्या जागीही धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ-नखं निळसर होतात, पुढे थुंकीला फेस किंवा गुलाबी रंग येतो. दुसरी मेंदूला सूज येणं: माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा एकदम गप्प होतो, तोल जातो. संशय आला की त्याला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन असेल तर लावा आणि तत्क्षणी खाली न्या.

आता 'खाली' म्हणजे कुठं, हे स्पितीत नीट समजून घ्यावं लागतं. काझाहून मनालीकडे निघालात तर आधी ४,५५१ मीटरचा कुंझुम चढावा लागतो. आजारी माणसाला तिकडून नेऊ नका. काझात सरकारी रुग्णालय आहे, आधी तिथं. तिथून खाली हलवायचं ठरलं तर ताबोमार्गे रिकाँग पिओकडे, जे २,२९० मीटरवर आहे, पण सुमारे २०० किलोमीटर दूर. चंद्रतालला त्रास झाला तर उलट: काझाकडे न वळता बातलवरून छत्रूकडे, ३,४०० मीटरच्या खाली उतरा. हे दोन वाक्यांत कागदावर लिहून चालकाजवळ द्या.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टर ठरवतील. नसेल तरी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि वाढलेली लघवी यांनी वर गेल्यावर घाबरायला होणार नाही. वर सांगितलेल्या बेताने चढलात तर बहुतेकांना तिची गरज भासत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले पाच-सहा दिवस पूर्ण बंद. दोन्ही झोपेतला श्वास मंदावतात.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण त्याच्या आकड्याला देव मानू नका. तो रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतो. काझात ८५ ते ९० हा आकडा सामान्य आहे. घरी असा आकडा आला तर रुग्णवाहिका बोलवाल, इथं जेवायला बसायचं. बोट गार असेल तर आकडा खोटा कमी दिसतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं बसा, मग मोजा. रोज सकाळी एकाच वेळी मोजून वहीत लिहिलं तर उपयोग. गटातल्या इतरांपेक्षा एकाचाच आकडा बराच खाली घसरत असेल आणि त्याला लक्षणंही असतील, तेव्हा लक्ष द्या.

घरची तयारी

सहा ते आठ आठवडे पुरतात. आठवड्यातून चार दिवस तासभर भरभर चालणं किंवा हळू धावणं, आणि एक दिवस पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन जिने. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. ट्रेकमध्ये देमुल गावाहून उतरताना मांड्या थरथरतात त्या उतरण्याची सवय नसल्यामुळे. रक्तदाब, दमा, हृदयाचा इतिहास असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी, आरक्षण नंतर. प्रवास विमा काढत असाल तर त्यात किती मीटर उंचीपर्यंतचं ट्रेकिंग धरलंय ते वाचा. कित्येक विमे कोमिकच्या खालीच थांबतात.

बूट नवे घेतले असतील तर निघण्यापूर्वी निदान चाळीस-पन्नास किलोमीटर चालून मऊ करा. बूट अर्धा नंबर मोठे हवेत. जाड मोजा घालून बूट चढवा, टाच मागे ठोका आणि नाडी बांधताना घोट्याजवळच्या शेवटच्या दोन छिद्रांत दोन्ही बाजूंना एकेक फास करून त्यातून विरुद्ध बाजूची नाडी ओवा, मग आवळा. टाच जागच्या जागी धरली जाते. एवढं केलं नाही तर उतारावर पाऊल पुढे सरकतं, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि संध्याकाळी नख काळं-निळं दिसतं. नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री नको, कोपरे टोचतात.

कपड्यांचे तीन थर. अंगाला लागून घाम टिपणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा, त्यावर फ्लीस, बाहेरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट. संध्याकाळसाठी पिसांचं किंवा तसं जाड जाकीट वेगळं. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड घाम धरून बसतं आणि थांबल्यावर तेच अंगावर गार पडतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून अतिनील किरणं अडवणारा गॉगल, ५० एसपीएफचं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी, आणि ओठांना लावायचं मलम. स्पितीत पहिल्यांदा फुटतात ते ओठ आणि नाकाच्या आतली त्वचा. नाकात रात्री थोडं व्हॅसलीन लावलं तर रक्त येत नाही.

ट्रेकसाठी ३० ते ३५ लिटरची सॅक, पाण्यासकट सात किलोच्या आत. बाकीचं सामान काझाच्या मुक्कामी ठेवा. दोन काठ्या, एक हेडलॅम्प, दोन लिटर मावेल एवढ्या बाटल्या. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, थोडं थोडं. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं पिताय. त्याहून ढोसायची गरज नाही. मोबाइलच्या बॅटऱ्या थंडीत झपकन उतरतात, रात्री अंथरुणात घेऊन झोपा.

रोख पैसे शिमल्यातच काढा. काझात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच याचा नेम नाही, आणि गावांमध्ये नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देणंही अडतं. माणशी रोज दोन हजारांच्या हिशेबाने हातात रोकड असली की चिंता नाही, शंभर-दोनशेच्या नोटांसकट. भारतीयांना या मार्गावर इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, लागत नाही, ओळखपत्र मात्र तपासनाक्यांवर दाखवावं लागतं. परदेशी मित्र सोबत असेल तर त्याचं परमिट रिकाँग पिओत करून घ्या.

गाडी आणि रस्ता

डोंगरात गाडी चालवायचा अनुभव नसेल तर स्थानिक चालकासह गाडी ठरवा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. बसनेही जाता येतं. हिमाचल परिवहनची बस रिकाँग पिओहून सकाळी निघून संध्याकाळी काझाला पोचते.

स्वतः चालवणार असाल तर गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं, टायर नवे, स्टेपनीत हवा आणि पंक्चरचं सामान सोबत. रिकाँग पिओजवळ पोवारीला टाकी काठोकाठ भरा. पुढचा भरवशाचा पंप काझात. काझाहून निघताना पुन्हा भरा, कारण मनालीपर्यंतच्या जवळपास २०० किलोमीटरमध्ये पंप नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद गमावतं. कुंझुमच्या चढावर गाडी रडायला लागली तर ती बिघडलेली नसते, एक गिअर खाली घ्या. उतारावरही खालचाच गिअर. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. असं झालं तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या, ब्रेकवर पाणी ओतू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

नाको आणि मलिंगच्या पट्ट्यात वरून दगड येतात. तिथं फोटोला थांबू नका, काचा खाली घेऊन आवाज ऐकत निघून जा.

खरी कसोटी कुंझुमच्या पलीकडे, बातल ते ग्रांफू. हा रस्ता म्हणजे बराचसा नदीपात्रातला गोट्यांचा ढीग, आणि मध्ये उघडे नाले. नाल्यांचं पाणी वरच्या बर्फाचं असतं: पहाटे कमी, ऊन चढलं की जास्त, दुपारी तीन-चारला सर्वांत जास्त. म्हणून अकराच्या आत जास्तीत जास्त नाले मागे टाकायचे.

नाला आला की गाडी अलीकडे थांबवा आणि उतरा. आधीच्या गाड्यांची चाकं कुठून गेली ते बघा. पाणी जिथं पसरून खळखळतंय तिथं ते उथळ असतं. जिथं गप्प आणि गडद दिसतंय तिथं खड्डा. चाकाच्या निम्म्याहून वर पाणी वाटलं तर थांबा, मोठ्या गाडीला पुढे जाऊ द्या आणि तिच्यावरून अंदाज घ्या. मग पहिला गिअर, एकसारखा रेस, क्लचवरून पाय बाजूला, आणि पलीकडच्या काठावर नजर. मध्ये गिअर बदलायचा नाही, घाबरून थांबायचंही नाही. थांबलात की चाकाखालची वाळू वाहून जाते आणि गाडी बसते. पाणी बॉनेटपर्यंत उसळून इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तिथं तो सरळ करायला कोणी नाही. ढकलून किंवा दोराने ओढून बाहेर काढा. पलीकडे गेल्यावर हळू जात दोन-तीनदा ब्रेक दाबा, पट्ट्या वाळतात.

तीन दिवसांचा ट्रेक: कोमिक, देमुल, ल्हालुंग, धनकर

नवख्यांसाठी हिमालयातल्या पायवाटांमध्ये ही अतिशय समंजस वाट आहे. तंबू नाही, दोर नाही, रोज संध्याकाळी एका गावात घरगुती जेवण आणि गादी. आणि सुरुवात सर्वांत उंच गावातून होते, शेवट खाली. तुम्ही काझात तीन रात्री काढलेल्या असतात आणि एकदा कोमिकला जाऊन आलेले असता, त्यामुळे देमुलचा ४,३०० मीटरचा मुक्काम शरीराला जड जात नाही. वाटाड्या मात्र घ्यायचाच. वाटेवर खुणा नाहीत, मेंढ्यांच्या दहा वाटा फुटतात, मोबाइल लागत नाही, आणि उघड्या टेकड्यांवर सगळ्या कडा सारख्याच दिसतात. काझात मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगितलं तर ते गावातला माणूस ठरवून देतात आणि पुढच्या घरांना निरोपही धाडतात.

पहिला दिवस सकाळी सातला गाडीने कोमिक, आठच्या सुमारास चालायला सुरुवात, सहा ते सात तास. वाट उघड्या माळांवरून चढ-उतार करत जाते, सावली कुठेच नाही. दुपारनंतर वारा सुटतो, तो अंगातली ऊब आणि पाणी दोन्ही पळवतो. थांबलात की लगेच जाकीट चढवा, चालू लागलात की काढा. पन्नास मिनिटं चालणं, दहा मिनिटं बसणं, असा ठेका ठेवा. चढावर पाऊल टाकलं की मागचा गुडघा क्षणभर सरळ ताठ करा, म्हणजे वजन स्नायूंऐवजी हाडावर येतं आणि मांड्यांना प्रत्येक पावलागणिक उसंत मिळते. सर्वांत मागे गटातला अनुभवी माणूस, सर्वांत पुढे सर्वांत हळू चालणारा.

देमुलला गावकरी पाळीपाळीने पाहुणे घेतात, त्यामुळे अमुकच घर हवं असा हट्ट धरू नये. संध्याकाळी चुलीभोवतीच्या खोलीत सगळं घर जमतं. मीठ-लोण्याचा चहा येतो, मग थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, किंवा भात-डाळ. उंचीवर भूक मरते, तरी गरम पातळ जेवण पोटात गेलंच पाहिजे. संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक फावडं. काम झालं की दोन फावडी माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. त्या खताचं पुढे शेतात सोनं होतं, आणि पाण्याने ते कुजतं. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड त्यात टाकू नका, पिशवीत घालून काझाला परत आणा. प्लास्टिकचंही तेच.

दुसरा दिवस देमुल ते ल्हालुंग, चार-पाच तास. लिंगटी नदीच्या दरीत मोठा उतार, मग पलीकडे गावापर्यंत चढ. उतारावर काठ्या थोड्या लांब करा, पावलं लहान ठेवा आणि गुडघे किंचित वाकलेले. भुसभुशीत मातीत टाच आधी टेकवा. बोटांवर भार देऊन उतरणारे इथंच घसरून बसतात. ल्हालुंगचा जुना मठ किल्ली असलेल्या लामाला विचारून बघता येतो.

तिसरा दिवस ल्हालुंग ते धनकर, पुन्हा चार-पाच तास, तिन्हीत सोपा. चोर्तेन (बौद्ध स्तूप) किंवा मणि-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) आडवी आली तर तिला उजव्या हाताला ठेवून पुढे जा. वाटेत शंखांचे, शिंपल्यांचे दगड सापडतात. हा सगळा प्रदेश कधीकाळी समुद्रतळ होता. हातात घ्या, नीट बघा, जागच्या जागी ठेवा. गावातली मुलं विकायला आणतात तेव्हाही विकत घेऊ नका, नाहीतर डोंगर खणले जातात. धनकरला गाडी बोलावून ठेवलेली असावी. ती वेळ वाटाड्यामार्फत पक्की करा, कारण धनकरहून फोन लागेलच असं नाही.

चंद्रताल आणि उतरण

काझाहून सकाळी सातला निघा. लोसरला तपासनाक्यावर नोंद होते, तिथं नाश्ता करून घ्या. कुंझुमवर अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका. चंद्रताल ४,२५० मीटरच्या आसपास आहे आणि २००५ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तळ्याकाठी तंबू लावायला मनाई आहे. तंबूंची वस्ती दोनेक किलोमीटर अलीकडे असते आणि वाहनतळापासून तळ्यापर्यंत चालतच जावं लागतं. तळ्याची प्रदक्षिणा करायची तर दोन तास हाताशी ठेवा. वारा पहाटे पडलेला असतो, प्रतिबिंब तेव्हाच दिसतं, म्हणून संध्याकाळपेक्षा सकाळी साडेपाचला उठून जाणं बरं. रात्री सगळे कपडे घालून झोपण्यापेक्षा कोरडा थर, कोरडे मोजे आणि गरम पाण्याची बाटली अंथरुणात, हे जास्त ऊब देतं.

तेराव्या दिवशी नाश्ता आटोपून सातच्या आत तंबू सोडा. बातलला चहा, छत्रूला जेवण, ग्रांफूला पोचल्यावर डावीकडे रोहतांगकडे न चढता उजवीकडे कोकसरला उतरा. पुढे ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा लागतो, तो २०२० च्या ऑक्टोबरपासून खुला आहे. बोगद्याने गेलात तर रोहतांगचं परमिट लागत नाही. सहा ते आठ तासांत मनाली. त्याच रात्रीची दिल्लीची बस आरक्षित करू नका. एक नाला तुंबला की चार तास जातात, आणि बस चुकेल या धास्तीने चालकाला घाई केली की बातलच्या गोट्यांवर टायर फाटतो.